पेटीवरून पियानोवर येताय? आधी हातोडी बघा

पेटी वाजवणाऱ्याला सप्तक, लय, बोटं कशी टाकायची हे वेगळं सांगावं लागत नाही. गाडी अडते ती दुसरीकडेच. पेटीवर पट्टी दाबली की पुढचा कारभार भात्याचा. सूर फुलवा, घटवा, हवा तेवढा ताणा. ही सवय हातात मुरते आणि पियानोवर तीच नडते. मला नडली. सूर वाजून गेला तरी मी पट्टी तळाशी दाबत राहायचे, त्याने आस, म्हणजे सुराचा मागे रेंगाळणारा नाद, वाढेल म्हणून. आस वाढली नाही, मनगट मात्र धरलं.

असं का होतं ते नीट समजून घ्या. पियानोची पट्टी साधारण 10 मिलिमीटर खाली जाते. ती तळाला टेकायच्या थोडं आधीच आतली यंत्रणा, तारेवर आपटून सूर काढणाऱ्या हातोडीला सोडून देते. तारेपासून दोन-तीन मिलिमीटरवर हातोडी सुटते आणि उरलेलं अंतर स्वतःच्या वेगाने कापते. कॅरमचा स्ट्रायकर बोटातून सुटल्यावर बोट कितीही दाबलं तरी काय उपयोग? तसंच हे. तुम्ही तळाशी जोर लावता तोवर हातोडी तारेला लागून मागेसुद्धा फिरलेली असते. ती फिरायलाच हवी, तारेला चिकटून राहिली तर तीच सूर मारून टाकेल. 1700 च्या सुमारास इटलीतल्या फ्लॉरेन्समध्ये वाद्यं बनवणाऱ्या बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरीने ही सुटका साधली, म्हणून पियानो जन्माला आला.

वाचून पटणार नाही, हात लावून बघा. अपराइट, म्हणजे उभ्या पियानोची वरची पुढची फळी शिक्षकांकडून काढून घ्या. मधल्या सप्तकातली एक पट्टी अगदी सावकाश खाली न्या. हातोडी तारेजवळ जाते, तळाच्या जरा वर बोटाला बारीकसा अडथळा लागतो, आणि हातोडी न वाजताच मागे येते. जे काही करायचं ते त्या अडथळ्याच्या आत. त्यानंतर पट्टी धरायची ती फक्त डँपर, म्हणजे तारेचा आवाज थांबवणारी गादी, तारेवर परत बसू नये म्हणून, आणि त्याला बोटाचं नुसतं वजन पुरतं. पुन्हा सांगते, नुसतं वजन. दाब नाही.

हे दाखवायचा ज्यांना कंटाळा येतो ते शिक्षक बदला, असं माझं स्पष्ट मत आहे. पडद्यावर रंगीत पट्ट्या पडतात त्या व्हिडिओंवरून कुठली पट्टी कधी दाबायची ते कळतं, किती वेगाने ते कळत नाही, आणि पियानोत खरी गोष्ट तीच आहे. हातोडीचा वेग वाढला की तिच्यावरचं फेल्ट, म्हणजे दाबलेल्या लोकरीचं आवरण, तारेवर जास्त दबून कडक होतं, त्यामुळे सूर नुसता मोठा होत नाही, चमकदारही होतो. सूर वाजताक्षणी ओसरायला लागतो, आधी झपाट्याने, मग रेंगाळत. म्हणून लांब सूर जरा भरीव वाजवा आणि पुढचा सूर त्या ओसरलेल्या आवाजाला जुळेल एवढाच. चाल गाती होते ती अशी. मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, मात्र निघणार नाही, तो नाद सोडा. सस्टेन पेडलही सुरुवातीला दूर ठेवा. ते सगळे डँपर एकदम उचलतं आणि हाताचा कच्चेपणा झाकून टाकतं.

घाबरू नका. तुमचा कान तयार आहे, आणि कोऱ्या विद्यार्थ्याला तोच कमवायला वर्षं लागतात. हात सैल होतो, फक्त रोज थोडा वेळ एकेक सूर वाजवून लगेच मनगट सोडायची सवय लावा. घरी सरावाला हलक्या पट्ट्यांचा कीबोर्ड नको. वजनदार पट्ट्यांचा डिजिटल पियानो चालेल.

आणि मुंबईत किंवा कोकणात असाल तर पावसाळ्यात स्वतःला दोष देत बसू नका. दमट हवेने साउंडबोर्ड, म्हणजे तारांचा आवाज मोठा करणारी लाकडी फळी, फुगतो, तारांचा ताण वाढतो, सूर चढतो, पट्ट्याही अडकायला लागतात. तेव्हा जोर वाढवू नका, ट्यूनरला बोलवा.