रोमँटिक कवितेतील स्वप्नभूमी वाचताना या चुका टाळा

इंग्रजी रोमँटिक कवी कोलरिजची ‘कुब्ला खान’ ही कविता किंवा वर्ड्सवर्थचे ‘प्रिल्यूड’ हे दीर्घकाव्य वाचताना वाचक अडतो, त्याचे मूळ बहुधा ‘सब्लाइम’ या संज्ञेसाठी वापरल्या जाणाऱ्या ‘उदात्त’ या प्रतिशब्दात असते. मराठीत उदात्त म्हटले की थोर विचार, थोर चारित्र्य आठवते. परंतु विचारवंत एडमंड बर्कने १७५७ मध्ये ज्या अनुभवाची मीमांसा केली, त्याच्या तळाशी भय आहे. अफाट, अंधूक, आपल्याला सहज चिरडील असे काही समोर असावे आणि आपण मात्र सुरक्षित असावे, तेव्हा उपजणारा तो आनंद आहे. म्हणून या कवितांमधील दरीला नुसते ‘रम्य’ म्हणून पुढे जाऊ नये.

दुसरी चूक अधिक मोहक आणि म्हणूनच अधिक घातक आहे: कोलरिजची प्रस्तावना शब्दशः खरी मानणे. १८१६ मध्ये ‘कुब्ला खान’ छापताना त्याने लिहिले की झोपेत दोन-तीनशे ओळी सुचल्या, जाग आल्यावर तो त्या उतरवू लागला आणि पोर्लॉक या गावाहून कामासाठी आलेल्या माणसामुळे उरलेल्या विरून गेल्या. त्याच्याच हस्ताक्षरातील प्रतीवरच्या टिपेत मात्र अफूमुळे लागलेल्या तंद्रीचा उल्लेख आहे, पाहुण्याचा नाही. शिवाय त्या प्रतीत आणि छापील पाठात शब्दांचे फरक आहेत, म्हणजे स्वप्नावर नंतर हात फिरला होता. हे ध्यानात घेतले की ५४ ओळींची बांधणी दिसू लागते: आधी तटबंदीतली मोजूनमापून घेतलेली भूमी, मग ती मोजमापे उधळून लावणारा, खडक उडवणारा झरा, आणि शेवटी हरवलेले गाणे पुन्हा मनात जागवता आले तर, अशी अट. माझ्या मते कवितेचा जीव या ‘तर’मध्येच आहे, तो निसटला, तर हाती केवळ एक विलक्षण देखावा उरतो.

नकाशावर स्थळ शोधत बसणेही व्यर्थ आहे. आल्प्समधील शामोनीच्या खोऱ्यावर १८०२ मध्ये स्तोत्र लिहिणारा कोलरिज तिथे कधी गेलाच नव्हता.

वर्ड्सवर्थ १७९० मध्ये आल्प्समध्ये खरोखर पायी हिंडला होता, तरीही ‘प्रिल्यूड’च्या सहाव्या सर्गात शिखराचे वर्णन शोधणाऱ्याची निराशा होते. वाट चुकलेल्या त्याला व त्याच्या मित्राला एका शेतकऱ्याकडून कळते की आल्प्स केव्हाच ओलांडून झाला, आणि कवी एकदम कल्पनाशक्तीलाच उद्देशून बोलू लागतो. ही उडी विषयांतर वाटली, तर त्यापुढचा अंधाऱ्या घळीचा उतारा आधी वाचावा आणि मग मागे यावे. ओलांडताना ज्याची चाहूलही लागली नाही, तो पर्वत उतरणीवर कवीला कसा घेरतो, हे तेव्हा दिसते.