पहिली ऑटम टर्म: कोटाची चेन, पाय मोडलेला स् आणि मातीचा किल्ला

एका चार वर्षांच्या मुलाच्या कोटाची चेन लावून दिली म्हणून नोकरीच्या दुसऱ्याच आठवड्यात मी बोलणी खाल्ली. बोलणी इंग्लंडातली, म्हणजे वर्गशिक्षिका हसतच म्हणाल्या, "पुढच्या वेळी त्यालाच करू दे हं." तरी घरी पोचेपर्यंत ते टोचत राहिलं. सातारा जिल्ह्यात सहा वर्षं मी पहिलीचा वर्ग घेतलेला. शेंबूड पुसणं, चड्डीची नाडी बांधणं, रडणाऱ्याला चार घास भरवणं हे सगळं बाईंचंच काम, त्यात विचारायचं काय? इथे रेडिंगजवळच्या शाळेत रिसेप्शनच्या, म्हणजे शाळेच्या अगदी पहिल्या वर्गात टीचिंग असिस्टंट (टीए), म्हणजे वर्गशिक्षिकेची मदतनीस म्हणून लागले आणि पहिला धडा मिळाला तो हात मागे बांधून उभं राहण्याचा.

नवरा किंवा बायकोच्या नोकरीमुळे इकडे आलेल्या आणि शाळेत काम शोधणाऱ्या मंडळींसाठी हे लिहितेय. इथलं शालेय वर्ष तीन टर्मचं. ऑटम टर्म सप्टेंबरच्या सुरुवातीला सुरू होते, ऑक्टोबरअखेर आठवडाभराची मधली सुट्टी, म्हणजे हाफ टर्म, आणि ख्रिसमसच्या तोंडावर सुट्टी. चौथा वाढदिवस झाला की त्यापुढच्या सप्टेंबरात मूल रिसेप्शनला येतं. त्यामुळे एकाच गालिच्यावर सप्टेंबरात पाच वर्षांचं होणारं मूल आणि ऑगस्टअखेर चार पूर्ण केलेलं मूल शेजारी बसतात. या वयात वर्षभराचा फरक म्हणजे केवढा! एक स्वतःचं नाव लिहितं, दुसऱ्याला टॉयलेटला जायचंय हे सांगता येत नाही. एका शिक्षकामागे फार तर तीसच मुलं असा इथे नियम आहे, आणि ही तीस मुलं एकदम कोट घालायला निघाली की पावणेतीनशे वाटतात.

म्हणून कोटाची युक्ती आधी शिकून घ्या. कोट जमिनीवर उताणा पसरायचा, टोपीची बाजू मुलाच्या पायांकडे. मुलाने वाकून दोन्ही हात बाह्यांत घालायचे आणि कोट डोक्यावरून मागे उडवायचा. झाला अंगात! चेनचं खालचं टोक खाचेत बसवायला आपण मदत करायची, वर ओढायचं त्याने. माझ्या त्या मुलाला हे जमायला ऑक्टोबर उजाडला. जमलं त्या दिवशी त्याने चेन अकरा वेळा वरखाली केली आणि आम्ही सगळे मैदानावर उशिरा पोचलो.

पहिल्या सहा आठवड्यांत सरकारी बेसलाइन असेसमेंट असते, 2021 पासून सक्तीची. शिक्षिका एकेका मुलाला जवळ घेऊन वीसेक मिनिटं वस्तू मोजायला, चित्रांवर बोलायला लावतात. मराठी व्हॉट्सॲप ग्रुपवर दर सप्टेंबरात प्रश्न येतोच, "बेसलाइनची तयारी काय करून घेऊ?" काही नाही. पास-नापास नसतं. मूल सहावीला, म्हणजे इयर सिक्सला पोचेल तेव्हा शाळेने त्याला किती पुढे नेलं हे मोजण्यासाठी तो आकडा ठेवतात. तुम्ही टीए झालात की हाच प्रश्न दारात उभे असलेले आपले लोक तुम्हाला मराठीत, हळू आवाजात विचारतील. उत्तर वर्गशिक्षिकेकडे पाठवा. टीएने मुलाच्या प्रगतीबद्दल दारात बोलायचं नसतं, ओळखीच्यांशी तर मुळीच नाही.

माझी खरी कसोटी लागली फोनिक्समध्ये, म्हणजे अक्षरांचे आवाज जोडून वाचायला शिकवण्यात. बऱ्याच शाळांत सुरुवात एस, ए, टी, पी, आय, एन या सहा अक्षरांनी होते, कारण एवढ्यांतच सॅट, पिन, टॅप असे कितीतरी शब्द तयार होतात. अक्षराचं नाव आधी शिकवत नाहीत, आवाज शिकवतात. आपली बाराखडी तोंडात बसलेली, त्यामुळे मी म्हटलं 'स', 'ट', 'प'. शिक्षिकेने नंतर बाजूला घेऊन समजावलं की शेपटाला चिकटलेला तो 'अ' काढून टाक. मूल ऐकतं तेच जोडतं, मग सॅटचं 'सअ‍ॅटअ' होतं. मला उमगेना. रात्री भांडी घासताना ट्यूब पेटली: अगं, हा तर पाय मोडलेला स्! हलन्त अक्षरं आपण लहानपणापासून लिहीत आलोय, नुसती वेगळी काढून कधी म्हणत नाही. स्‌स्‌स्, म्‌म्‌म् असं लांबवता येतं. ट् आणि प् तुटक, तोंडातल्या तोंडात. नवऱ्याला वाटलं मला साप चावला.

व्हीचा आणि डब्ल्यूचा गोंधळ त्याहून चिवट. माझं 'व्हॅन' आणि 'वेट' एकाच 'व'ने निघायचं. पाच वर्षांच्या एका मुलीने मला थांबवून तिचे दात दाखवले. व्हॅनला वरचे दात खालच्या ओठावर टेकवायचे, वेटला ओठांचा चंबू करायचा, दात लागू द्यायचे नाहीत. आरशासमोर आठवडाभर केलं तर जमतं. लाज बाळगू नका. पुढे इयर वनच्या जूनमध्ये मुलांची चाळीस शब्दांची फोनिक्स चाचणी होते. त्यातले निम्मे शब्द मुद्दाम निरर्थक असतात, पाठांतरावर कुणी तरून जाऊ नये म्हणून. त्याचा पाया या सप्टेंबरात तुमच्याच तोंडून पडतो.

ऑक्टोबर हा पानांचा महिना. हॉर्स चेस्टनटच्या तपकिरी, तुळतुळीत बिया, म्हणजे कॉन्कर्स, मुलं खिशातून भरभरून आणतात. त्या मोजायच्या, लहानमोठ्या लावायच्या, रंगात बुडवून घरंगळवायच्या. हार्वेस्ट फेस्टिव्हलला, म्हणजे सुगीच्या सणाला घरोघरून डबाबंद अन्न येतं आणि गरजूंना अन्न देणाऱ्या फूड बँकेला जातं.

आणि मग दिवाळी. तुम्ही भारतीय दिसलात की ती तुमच्याकडे येणारच. रामाची गोष्ट, मातीची पणती, खडूची रांगोळी हा साचा ठरलेला असतो, वाईट काही नाही. पण मला वाटलं, आपल्या दिवाळीत किल्ला असतो आणि आमच्या अंगणात मड किचन आहे. चिखलात खेळायला सरकारमान्य जागा! विटा, जुनं गोणपाट, वर चिखलाचं लिंपण. गडावर मोहरी पेरायची म्हटल्यावर शिक्षिकेने आधी विचारलं ते ॲलर्जीचं. मोहरी इथल्या चौदा घोषित ॲलर्जीकारक पदार्थांपैकी एक आहे, हे मला तेव्हा कळलं. मग हाळीव पेरले, इथे त्याला क्रेस म्हणतात, आठवड्यात हिरवंगार. मावळे कुठून आणणार? मुलांनी डायनासोर आणून बुरुजावर उभे केले. महाद्वारावर टी-रेक्सचा पहारा. मी फोटो काढायला खिशात हात घातला आणि आठवलं, स्वतःचा फोन वर्गात आणायचाच नाही. शाळेच्या टॅबवर काढलेला तो फोटो माझ्याकडे नाही.

फोनचा नियम तसा छोटा, पण सेफगार्डिंग, म्हणजे मुलांची सुरक्षा, हा इथे कामाचा कणा आहे. पहिल्या दिवशी मुलं नसतात, प्रशिक्षणाचा दिवस असतो, आणि दर सप्टेंबरला त्याच विषयाची सरकारी पुस्तिका वाचून सही करायची असते. एखादं मूल घरचं काही भलतंसलतं सांगू लागलं तर "कुणाला सांगणार नाही" असं वचन कधीही देऊ नका. ऐकायचं, खोदून विचारायचं नाही, त्याच्याच शब्दांत लिहायचं आणि नेमलेल्या व्यक्तीला त्याच दिवशी सांगायचं. आपल्याकडे 'घरातलं घरात' म्हणायची सवय असते. ती इथे मुलाच्या अंगाशी येऊ शकते.

नोव्हेंबर धावपळीत जातो. पाच तारखेची शेकोट्या-फटाक्यांची बॉनफायर नाइट, अकरा तारखेला अकरा वाजता युद्धात मेलेल्यांसाठी दोन मिनिटं शांतता (चार वर्षांची मुलं खरंच गप्प बसतात, मी पाहिलंय), अँटी-बुलिंग वीकचे, म्हणजे दादागिरीविरोधी आठवड्याचे विजोड मोजे, पालकसभेत जेमतेम दहा मिनिटं. डिसेंबरात चारच्या आत सूर्य मावळतो आणि सगळा वर्ग नेटिव्हिटीत, म्हणजे येशूजन्माच्या नाटुकल्यात बुडतो. मेंढपाळांच्या डोक्याला भांडी पुसायची फडकी बांधतात. माझ्याकडे पडद्यामागच्या नऊ मेंढ्या होत्या. रंगमंचावर आठ पोचल्या. नववी गोठ्यातल्या गवतावर झोपली होती.

नोकरीचं थोडक्यात. आधी आठवड्यातून एकदा मुलांचं वाचन ऐकायला स्वयंसेवक म्हणून जा, मी तशीच शिरले. एन्हान्स्ड डीबीएस, म्हणजे गुन्ह्यांच्या नोंदींची तपासणी होतेच, शिवाय भारतात राहिलेल्यांकडे तिथलं पोलीस क्लिअरन्स मागू शकतात, ते आधीच मागवून ठेवा. डी.एड. असेल तर अर्जात ठळक लिहा, पण त्यावर अडून बसू नका. जाहिरातीतला पगार बहुधा पूर्ण वर्षाचा, पूर्णवेळ धरून लिहिलेला असतो. तुम्हाला शाळेच्या आठवड्यांपुरता आणि तासांपुरताच मिळतो, तोच बारा महिन्यांत वाटून. मी हे न विचारता सही केली आणि पहिली पगाराची चिठ्ठी दोनदा वाचली. मुलाखतीतच विचारा: हातात महिन्याला किती येणार?