वेतनश्रेणी एकच, तरी पगारात तफावत : विद्यापीठात मोजणी करताना या चुका टाळा

गोव्यातल्या कुठल्याही कॉलेजच्या स्टाफरूममध्ये स्त्री-पुरुष शिक्षकांच्या पगारातल्या तफावतीचा विषय काढा, पहिलं उत्तर ठरलेलं असतं : ‘आमच्याकडे यूजीसीची (विद्यापीठ अनुदान आयोगाची) वेतनश्रेणी. बाई असो की पुरुष, पगार सारखाच.’ मीही बरीच वर्षं हेच म्हणत होते. सहायक प्राध्यापकाचं मूळ वेतन ५७,७०० रुपयांपासून सुरू होतं आणि ते कुणासाठी बदलत नाही, हे खरंच आहे. तरीही तफावत असते. आपण ती भलत्याच जागी शोधतो.

फक्त लेव्हलनिहाय (वेतनाच्या टप्प्यांनुसार) तुलना करणं

सगळ्यांत मोठी चूक हीच. समजा, एका कॉलेजात १० पुरुष आणि १० स्त्रिया शिकवतात. पुरुषांपैकी ४ जण लेव्हल १० वर (५७,७००), ३ लेव्हल १२ वर (७९,८००) आणि ३ लेव्हल १४ वर (१,४४,२००). स्त्रियांचे आकडे याच क्रमाने ७, २ आणि १. सोयीसाठी प्रत्येकाचं सुरुवातीचं मूळ वेतन धरू. प्रत्येक लेव्हलवर फरक शून्य. पण सरासरी काढली, तर पुरुषांची ९०,२८० आणि स्त्रियांची ७०,७७०. म्हणजे जवळजवळ २२ टक्के कमी. मध्यक, म्हणजे पगार क्रमाने मांडल्यावर मधोमध येणारा आकडा घेतला, तर दरी २८ टक्क्यांच्या आसपास जाते.

म्हणून तीन तक्ते काढा : एकूण सरासरी व मध्यक, लेव्हलनिहाय तुलना, आणि रुजू झाल्यापासून प्रत्येक बढतीला लागलेली वर्षं. तिसरा तक्ता सहसा कुणी काढत नाही, आणि खरं कारण तिथंच सापडतं.

बढतीचा उशीर ‘वैयक्तिक अडचण’ समजणं

लेव्हल १० वरून ११ वर जायला पीएचडी असेल तर ४ वर्षं लागतात, एमफिल असेल तर ५, नाहीतर ६. ज्या वर्षांत प्रबंध लिहायचा, त्याच वर्षांत घरी बाळ असतं. त्यात बढतीसाठी लागणारा रिफ्रेशर कोर्स हुकला की फाइल पुढे सरकत नाही. माझ्या एका मैत्रिणीला तर ‘तुमची रजा झाली आहे, पुढच्या वर्षी बघू’ असं सांगून परत पाठवलं होतं. हे नियमाला धरून नव्हतं. यूजीसीच्या २०१८ च्या नियमावलीत स्पष्ट म्हटलं आहे, की प्रसूती रजा किंवा बालसंगोपन रजेचा काळ मूल्यांकनातून वगळायचा, उरलेल्या काळावरून कामाची श्रेणी ठरवायची आणि रजेमुळे बढतीत नुकसान होऊ द्यायचं नाही. आयक्यूएसीने (कॉलेजच्या अंतर्गत गुणवत्ता कक्षाने) रजेवरून परतणाऱ्या प्रत्येक शिक्षिकेच्या हाती या तरतुदीची प्रत द्यावी आणि तिची बढतीची तारीख स्वतःहून तपासावी. ती अर्ज करील तेव्हा बघू, असं म्हणत बसू नये. बढती उशिरा मिळाली तर पुढची प्रत्येक वेतनवाढ खालच्या आकड्यावर बसते, आणि निवृत्तीनंतरच्या रकमेवरही त्याचा परिणाम होतो.

लेक्चर बेसिसवाल्यांना (तासांवर नेमलेल्यांना) वगळणं

‘ते आमचे कायम कर्मचारी नाहीत’ म्हणून त्यांची नावं यादीतच नसतात. मग तक्ता छान दिसतो. तासांवर पैसे मिळणाऱ्या शिक्षिकेला मे महिन्यात वर्ग नाहीत म्हणजे कमाई नाही. तिचा तासाचा दर कायम शिक्षकाच्या महिन्याच्या पगाराशी ताडून काही कळत नाही. दोघांची वर्षभराची कमाई घ्या, आणि तासांच्या जोडीला पेपर तपासणी, पर्यवेक्षण, प्रवेशाची कामंही धरा. समान कामाला समान वेतन हे तत्त्व हंगामी कर्मचाऱ्यांनाही लागू आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये जगजीत सिंग खटल्यात सांगितलं आहे.

मूळ वेतनावर थांबणं ही आणखी एक चूक. कन्सल्टन्सी, परीक्षेचं मानधन, वॉर्डनपद हे वेगळं मांडा. सांस्कृतिक समिती कुणाकडे जाते आणि मानधनाचं काम कुणाकडे, तेही लिहा.

विभागात दोन-तीनच स्त्रिया असतील, तर तो आकडा जाहीर करू नका, कुणाचा पगार आहे हे लगेच कळतं. विभाग एकत्र करून मांडा. विद्यापीठाचा परिसर, सरकारी कॉलेजं आणि अनुदानित कॉलेजं यांचे तक्ते मात्र एकत्र करू नका. तिथं नेमणूक करणारे वेगळे, म्हणून दुरुस्तीही वेगळी.

जुलैची वेतनवाढ लागली की हेच तीन तक्ते दरवर्षी पुन्हा काढा, आणि ज्यांची बढती अडली आहे त्यांची यादी प्राचार्यांच्या टेबलावर तारखेसह ठेवा.