पोटरी उडते म्हणून झोप उडाली? या चुका टाळा

पोळा झाला आणि माझी डावी पोटरी उडायला लागली. दुखत नव्हती. कातडीखाली अळी वळवळावी तसं पाच-सात सेकंद व्हायचं, मग शांत, मग दुसऱ्याच जागी. मोबाइलवर शोधलं तर पाच मिनिटांत 'मोटर न्यूरॉन डिसीज' हे नाव समोर आलं. स्टीफन हॉकिंग यांना झालेला आजार. पुढचे तीन आठवडे मी त्या आजाराचाच रोगी होतो. एका रात्री बायको म्हणाली, "अहो, बारा वाजले, टॉर्च लावून पाय काय पाहून राहिले?"

फडफड मोजत बसणे

माझी पहिली चूक हीच. दिवसाला किती वेळा उडते ते वहीत लिहायचो. तालुक्याच्या डॉक्टरांनी वही उघडलीसुद्धा नाही. त्यांनी विचारलं, "चालताना पायातली चप्पल निसटते का?" नाही. "उकिडवं बसून हात न टेकता उठता येतं?" येतं. "शर्टाची बटणं? विहिरीवरून बादली ओढताना हात सुटतो?" नाही. मग टाचांवर चालवलं, चवड्यांवर चालवलं, जीभ बाहेर काढायला लावून नीट पाहिली, गुडघ्यावर हातोडी मारली, दोन्ही पोटऱ्यांचा घेर टेपने मोजला.

त्या आजारात स्नायूंना हुकूम देणाऱ्या मज्जापेशी मरतात. म्हणून ताकद जाते, स्नायू वाळतो, आणि फडफड त्याच्या सोबतीला असते. ताकद शाबूत, तपासणी स्वच्छ आणि नुसतीच फडफड, तर ती बहुतेक वेळा निरुपद्रवी. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकने अशा 121 जणांचा वर्षानुवर्षे पाठपुरावा केला आणि 1993 मध्ये निष्कर्ष छापले. त्यातल्या एकालाही मोटर न्यूरॉन डिसीज झाला नव्हता. आपला डोळा लवतो तेव्हा आपण पाहुणे येणार की पैसे, एवढंच विचारतो. पोटरीचं उडणं बहुतेकदा त्याच जातीचं, पण तिच्या वाट्याला शकुन आलेला नाही.

रोज स्वतःची परीक्षा घेणे

मी दिवसातून चाळीस वेळा चवड्यांवर उभा राहून ताकद तपासायचो. स्नायू थकला की जास्त उडतो, जास्त उडला की भीती वाढते, भीतीने झोप जाते आणि जागरणाने पुन्हा उडतो. वर उन्हातलं काम, घाम आणि दिवसाला आठ कप चहा. डॉक्टरांनी चहा दोनवर आणला.

फवारणीची गोष्ट न सांगणे

ही चूक आपल्या भागातली, आणि महागात पडणारी. कपाशीवर मारायच्या मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉससारख्या औषधांनी नसेचा हुकूम थांबवणारं एन्झाइम बंद पडतं, म्हणून स्नायू उडत राहतात. 2017 च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीने माणसं गेली, ते अजून कोणी विसरलेलं नाही. फवारणीनंतर काही तासांत तोंडाला लाळ, दरदरून घाम, उलट्या, अंधुक दिसणं, बारीक झालेल्या बाहुल्या, छाती भरून येणं आणि सोबत मांस उडणं, असं दिसलं तर 108 ला फोन करा. भिजलेले कपडे काढा, अंग साबणाने धुवा, औषधाचा डबा सोबत न्या. लिंबूपाणी पाजत घरी बसू नका. बरं वाटून घरी आलेल्या माणसाची मान एक ते चार दिवसांत लुळी पडू शकते, श्वास अडू शकतो. काही औषधांनी तर दोन-तीन आठवड्यांनी पाऊल लुळं पडतं. तोवर फवारणी कोणाच्या ध्यानातही नसते.

माझी फवारणी होऊन महिना झाला होता आणि यातलं एकही लक्षण नव्हतं. तरी डॉक्टरांनी विचारेपर्यंत मी बोललो नव्हतो, ही माझीच चूक.

आधी सुई, मग तपासणी

पायाला मुंग्या आल्या की गावात 'ताकदीची सुई' आणि बाटली ठरलेली. बी-12 कमी असेल तर ते भरायलाच हवं, पण आधी रक्त द्या. सुई घेतल्यावर रिपोर्ट चांगला येतो आणि खरं कारण झाकलं जातं. शुगरची मेटफॉर्मिन वर्षानुवर्षे चालू असेल तर हे आवर्जून सांगा. दम्याच्या पंपाने हात थरथरतात, कोलेस्टेरॉलच्या गोळीने अंग दुखू शकतं, तेही सांगा. आणि शेत गहाण टाकून आधी एमआरआय करू नका. नसांची तपासणी, म्हणजे एनसीव्ही-ईएमजी, लागेल की नाही ते डॉक्टर हाताने तपासून ठरवतात.

खरी कमजोरी अंगावर काढणे

इथे मात्र घाबरायलाच हवं, आणि इथेच आपण देवऋष्याकडे जातो. चप्पल वारंवार निसटते, एक हात दुसऱ्यापेक्षा बारीक दिसतो, बोलणं बोबडं होतं, पाणी पिताना ठसका लागतो, अशा वेळी महिना घालवू नका. सेवाग्रामच्या दवाखान्यात किंवा नागपूरच्या मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात जा. कमजोरी पायांतून वर चढत काही दिवसांत हातांपर्यंत आली, तर त्याच दिवशी निघा. जमिनीवर झोपलेला माणूस पहाटे पोट दुखतं म्हणतो आणि त्याच्या पापण्या उघडत नाहीत, तर दंशाची खूण शोधत बसू नका. मण्यारचा दंश बरेचदा दिसतही नाही.

जाताना एका कागदावर लिहून न्या: केव्हापासून, कोणत्या बाजूला, कोणतं काम जमेनासं झालं, कोणत्या गोळ्या चालू आहेत, शेवटची फवारणी कधी आणि कशाची. फडफडीचा अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ काढून ठेवा. डॉक्टरांसमोर बसलं की ती नेमकी थांबते. माझीही थांबली होती. तीन महिन्यांनी पुन्हा बोलावलं, तेव्हा डॉक्टरांनी चप्पल निसटते का हेच आधी विचारलं आणि टेप पुन्हा पोटरीला लावली. घेर तेवढाच होता.