ब्रेकपॉइंट लागत नाही? आधी पीआयडी बघा

सी येतं, लिनक्सवर हात बसलाय, मेक म्हणजे काय ते माहीत आहे, असं धरून लिहितोय. पोस्टग्रेस हा डेटाबेस सोर्समधून बिल्ड करून जीडीबी हा डीबगर घेऊन त्याच्या आत शिरायचं, म्हणजे हव्या त्या फंक्शनवर ब्रेकपॉइंट (थांबा) लावून आतला कोड बघायचा, एवढाच विषय. परभणीत बसून, मोबाईलच्या हॉटस्पॉटवर हे केलं तेव्हा विचारायला कोणी नव्हतं, आणि तो वैताग अजून पुरता उतरलेला नाही. कुठे आवाज चढला तर चालवून घ्या.

बिल्डचं पटकन उरकतो. गिट क्लोनला डेप्थ १ द्या. १९९६ पासूनचा सगळा इतिहास उतरवून दिवसाचा डेटा संपवू नका. प्रिफिक्स, म्हणजे इन्स्टॉल करायची जागा, स्वतःच्या होम फोल्डरमधली ठेवा. सुडोचा मोह टाळा, रूट म्हणून चालायला पोस्टग्रेस तसाही नकार देतो. विंडोजच्या लॅपटॉपवर डब्ल्यूएसएल वापरत असाल तर डेटा डिरेक्टरी लिनक्सच्या बाजूलाच हवी. सी ड्राइव्हवर टाकली तर परवानग्यांवरून सर्व्हर कुरकुर करणार.

कॉन्फिगरला एनेबल-डीबग आणि एनेबल-कॅसर्ट (कोडमधल्या असर्ट तपासण्या चालू करणारा) लावायचे हे सगळे सांगतात. पुढचं कोणी सांगत नाही. एनेबल-डीबगने नुसती डीबगची माहिती बायनरीत येते, ऑप्टिमायझेशन ओ२ वरच राहतं. मग कुठलंही व्हेरिएबल प्रिंट करा, उत्तर येतं 'ऑप्टिमाइज्ड आउट'. सीफ्लॅग्जमध्ये -ओ० आणि -जी३ हाताने लिहा. आधीचं बिल्ड पडलेलं असेल तर मेक क्लीन करा, कारण फ्लॅग बदलले म्हणून मेक जुन्या ऑब्जेक्ट फाइली आपणहून टाकून देत नाही.

आता मुख्य खड्डा. मी यातच अडकलो होतो, आणि मला मेसेज करणारी बहुतेक पोरंही यातच अडकलेली असतात. "दादा, बिल्ड झालं, जीडीबी लागला, पण ब्रेकपॉइंट लागतच नाही." माझा उलटा प्रश्न ठरलेला: "पीआयडी (प्रोसेसचा नंबर) कुठून घेतलास?" उत्तरही ठरलेलं: "पीएस मारलं, पोस्टग्रेस दिसला, त्याचा घेतला."

तो पोस्टमास्टर, म्हणजे पोस्टग्रेसची मुख्य प्रोसेस, असतो. तो क्वेरी चालवत नाही. एसटी स्टँडवरचा कंट्रोलर गाडीची नोंद करतो, गाडी चालवत नाही. त्याच्या केबिनपाशी उभं राहून ब्रेक कधी लागतो याची वाट बघण्यात काय अर्थ? कनेक्शन आलं की पोस्टमास्टर फोर्क करतो आणि तुमची क्वेरी त्या नव्या चाइल्ड प्रोसेसमध्ये, म्हणजे बॅकएंडमध्ये, चालते. दर कनेक्शनला एक बॅकएंड. मायएसक्यूएलमध्ये एकच प्रोसेस आणि तिच्या आत थ्रेड असतात, म्हणून तिकडची सवय असलेला माणूस इथे हमखास फसतो.

यात जीडीबीचं काही चुकत नाही. फोर्क झालं की तो मुळात पॅरेंटलाच धरून राहतो आणि चाइल्डला सोडून देतो. तुमचा ब्रेकपॉइंट पॅरेंटमध्ये व्यवस्थित बसलेला असतो, पण तो कोड पॅरेंटमध्ये कधी चालतच नाही. एरर नाही, वॉर्निंग नाही, पीएसक्यूएलमध्ये (पोस्टग्रेसला क्वेरी पाठवायचा टर्मिनलमधला प्रोग्राम) निकाल मात्र झटक्यात येतो. माणूस मग बिल्डवर संशय घेतो, पुन्हा बिल्ड करतो, रात्र घालवतो.

कोणीतरी हुशार सांगेल, जीडीबीत फॉलो-फोर्क-मोड चाइल्ड कर, म्हणजे तो चाइल्डच्या मागे जाईल. करू नका. ऑटोव्हॅक्यूमचे (टेबलांची आपोआप साफसफाई) वर्करही पोस्टमास्टरच फोर्क करतो, आणि ऑटोव्हॅक्यूमचा नॅपटाइम, म्हणजे दोन फेऱ्यांमधली विश्रांती, डीफॉल्टने १ मिनिट. तुम्ही पीएसक्यूएल उघडेपर्यंत जीडीबी भलत्याच पोराच्या मागे गेलेला असतो.

सरळ रस्ता असा. एका टर्मिनलमध्ये पीएसक्यूएल उघडा आणि त्यातच 'सिलेक्ट पीजी_बॅकएंड_पीआयडी();' मारा. जो आकडा येईल तो दुसऱ्या टर्मिनलमध्ये जीडीबीला -पी सोबत द्या. पीएसक्यूएलची क्वेरी ज्या फंक्शनमध्ये येते त्या एक्झेक_सिंपल_क्वेरी वर ब्रेक लावा, कंटिन्यू करा, मग पहिल्या टर्मिनलमध्ये क्वेरी टाका. पीएसक्यूएल गप्प झालं की समजा लागला. मध्येच बॅकस्लॅश-सी करून दुसऱ्या डेटाबेसला गेलात तर बॅकएंड नवा आणि पीआयडीही नवा. हे परत सांगतो, कारण पीआयडी नीट घेणारेही इथे दुसऱ्यांदा पडतात.

उबुंटूवर जीडीबी 'ऑपरेशन नॉट परमिटेड' म्हणाला तर घाबरू नका, काही बिघडलेलं नाही. दुसऱ्या प्रोसेसला डीबगर लावू द्यायचा की नाही हे ठरवणारं कर्नलचं यामा पीट्रेस-स्कोप १ वर असतं. घरच्या मशीनवर ते ० करा, ऑफिसच्या सर्व्हरवर हात लावू नका.

आणि एपीटीने आधीच टाकलेला पोस्टग्रेस मशीनवर चालू असेल तर? तुमचं पीएसक्यूएल त्यालाच जाऊन मिळू शकतं. आपल्या बिल्डला पोर्ट ५४३३ द्या आणि आत शिरल्यावर 'शो डेटा_डिरेक्टरी' बघा. कोणाच्या घरात आहोत ते तिथेच कळतं.

क्वेरी जावा ॲपमधून येत असेल तर एक्झेक_सिंपल_क्वेरी ला ती शिवतही नाही, जावाचं डेटाबेस कनेक्शन, जेडीबीसी, दुसऱ्या प्रोटोकॉलने बोलतं. सुरुवातीला पीएसक्यूएलच बरं. मॅक्स_पॅरलल_वर्कर्स_पर_गॅदर ० करा, नाहीतर मोठ्या टेबलवर काम वर्करमध्ये वाटलं जातं आणि तुमच्या बॅकएंडमध्ये अर्धंच दिसतं. पीप्रिंट हे पोस्टग्रेसचं छापायचं फंक्शन जीडीबीतून कॉल करून क्वेरीचा प्लॅन छापाल तर तो जीडीबीच्या पडद्यावर शोधत बसू नका, तो सर्व्हरच्या लॉग फाइलमध्ये जातो. अडकलेल्या बॅकएंडला किल -९ कधीच नाही. पोस्टमास्टर त्याला क्रॅश समजतो आणि बाकीची सगळी कनेक्शनं तोडून रिकव्हरीला लागतो.

बऱ्याच गाइडमध्ये असतं की वेगासाठी एफसिंक (लिहिलेलं डिस्कवर खरंच पोचल्याची खात्री करणारं सेटिंग) ऑफ करा. पुण्यात करत असतील. आपल्याकडे उन्हाळ्यात लाईन कधी जाईल याचा नेम नाही, आणि डेस्कटॉपला इन्व्हर्टर नसेल तर त्या एका सेटिंगपायी डेटा डिरेक्टरी खराब होऊन पुन्हा इनिटडीबीपासून, म्हणजे नवी डेटा डिरेक्टरी बनवण्यापासून, सुरुवात. एफसिंक चालू असेल तर लाईन आल्यावर सर्व्हर सुरू करा आणि लॉग वाचा, डब्ल्यूएएलमधून (बदल आधी नोंदवून ठेवणारा लॉग) रिकव्हरी कशी चालते ते फुकटात दिसतं.

डॉकरची तयार इमेज घ्या म्हणणारे सीनियर मला पटत नाहीत. वापरायला इमेज उत्तम. आतला कोड शिकायचा तर बिल्ड स्वतःच्या हाताने झालंच पाहिजे. महागड्या कोर्सबद्दल न बोललेलं बरं. मार्गदर्शक निवडायचाच असेल तर तयार कमांड पाठवणारा नको. "बॅकट्रेस (कोणत्या फंक्शनने कोणाला बोलावलं ती यादी) पाठव" म्हणणारा शोधा, मग तो फटकळ असला तरी चालेल.

८ जीबीच्या जुन्या लॅपटॉपवर हे सगळं होतं. बिल्ड सावकाश होईल, होऊ द्या.

पहिला ब्रेक लागला की लगेच प्लॅनरमध्ये (क्वेरी कशी चालवायची ते ठरवणारा भाग) उडी नको. ब्रेक एररफिनिश (एरर देताना चालणारं फंक्शन) वर लावा आणि पीएसक्यूएलमध्ये नसलेल्या टेबलचं नाव टाकून सिलेक्ट मारा. थांबल्यावर बीटी, म्हणजे बॅकट्रेसची कमांड, द्या. खालून वर वाचत या: एक्झेक_सिंपल_क्वेरी, मग ट्रान्सफॉर्म-सिलेक्ट-स्टेटमेंट, ट्रान्सफॉर्म-फ्रॉम-क्लॉज, आणि एररच्या जरा आधी पार्सर-ओपन-टेबल. फ्रेम बदलत प्रत्येकात काय आलंय ते प्रिंट करा. तुम्ही टाकलेलं चुकीचं नाव रेंजव्हार या स्ट्रक्टच्या रेलनेम मध्ये जसंच्या तसं सापडेल.