स्कॉटलंडच्या छोट्या फुटबॉल मैदानांची वारी: शनिवारचा सामना कसा पाहावा

स्कॉटिश फुटबॉल म्हटले की आपली नजर सेल्टिक आणि रेंजर्स या ग्लासगोच्या दोन बलाढ्य क्लबांपलीकडे सहसा जात नाही. मात्र 2013 मध्ये आकाराला आलेल्या स्कॉटिश प्रोफेशनल फुटबॉल लीगमध्ये 42 क्लब आहेत. त्यांपैकी 12 सर्वांत वरच्या प्रीमियरशिपमध्ये खेळतात आणि उरलेले 30 चॅम्पियनशिप, लीग वन व लीग टू या तीन विभागांत प्रत्येकी दहा असे विभागलेले आहेत. मासेमारीची बंदरे, जुनी खाणगावे आणि बाजारपेठेची छोटी शहरे यांचे हे क्लब आहेत. तेथे खेळाडूंचे एकमेकांना हाका मारणे ऐकू येते आणि शेजारी उभा असलेला माणूस तीस-चाळीस वर्षे त्याच जागी उभा राहत आलेला असू शकतो. एखाद्या देशाचे फुटबॉल समजून घ्यायचे असेल, तर मोठ्या स्टेडियमच्या फेरफटक्यापेक्षा अशा मैदानावरचा एक शनिवार अधिक शिकवतो, असे माझे ठाम मत आहे.

आधी प्रदेश निवडावा, मग सामना

नवख्या प्रवाशाने एकदम 42 मैदानांचा संकल्प करू नये. एक जिल्हा निवडावा आणि एका मुक्कामावरून तेथील मैदाने एकेका शनिवारी पाहावीत. पूर्व किनाऱ्यावरील अँगस हा परिसर यासाठी मला सर्वांत योग्य वाटतो, कारण आर्ब्रोथ, माँट्रोज, फॉरफर आणि ब्रीकिन ही चार छोटी फुटबॉल-गावे तेथे एकमेकांपासून फार लांब नाहीत आणि डंडी शहरात मुक्काम केल्यास चारपैकी कोणत्याही गावाला जाऊन त्याच दिवशी परत येता येते. डंडी, एडिनबरा किंवा ॲबरडीन येथे शिकणाऱ्या मराठी विद्यार्थ्यांना तर वेगळ्या मुक्कामाचीही गरज नाही. भारतातून जाणाऱ्यांनी ब्रिटनचा व्हिसा हाती आल्यावरच सामन्याची तारीख पक्की करावी.

मोसम ऑगस्टमध्ये सुरू होऊन मे महिन्यापर्यंत चालतो. खालच्या तीन विभागांत प्रत्येक संघ इतर नऊ संघांशी चार वेळा खेळतो, म्हणजे एकूण 36 सामने होतात आणि त्यांपैकी 18 घरच्या मैदानावर असतात. साधारणपणे एक शनिवार घरी आणि एक बाहेर असा क्रम असल्याने, आर्ब्रोथचा सामना घरी नसेल त्या शनिवारी माँट्रोज किंवा फॉरफर येथे सामना असण्याची शक्यता चांगली असते. वेळापत्रक क्लबच्या अधिकृत संकेतस्थळावरच पाहावे आणि निघण्याच्या आदल्या दिवशी पुन्हा पाहावे, कारण चषक स्पर्धेच्या फेऱ्यांमुळे साखळी सामने पुढे ढकलले जातात. ब्रीकिन सिटी 2021 मध्ये या 42 क्लबांच्या लीगमधून खाली घसरून हायलँड लीग या प्रादेशिक लीगमध्ये गेला, त्यामुळे त्याचे वेळापत्रक त्या लीगच्या यादीत शोधावे लागते. तरीही ब्रीकिनचे मैदान, ग्लेब पार्क, चुकवू नये. मैदानाच्या एका बाजूला भिंतीऐवजी उंच, नीट कातरलेले हिरवे कुंपण आहे आणि फुटबॉलच्या जगात ते प्रसिद्ध आहे.

प्रवास दुपारी तीनच्या हिशेबाने आखावा

शनिवारचा सामना परंपरेने दुपारी तीन वाजता सुरू होतो आणि पाच वाजण्याच्या थोडा आधी संपतो. संपूर्ण दिवसाची मांडणी या दोन वेळांभोवती करावी. आर्ब्रोथ आणि माँट्रोज ही दोन्ही स्थानके डंडी–ॲबरडीन लोहमार्गावर आहेत आणि डंडीहून आर्ब्रोथला रेल्वेने साधारण वीस मिनिटे लागतात. फॉरफरच्या मैदानाचे नाव स्टेशन पार्क असे असले, तरी त्या गावातील प्रवासी रेल्वे 1967 मध्ये बंद झाली. तेथे डंडीहून बसनेच जावे लागते. ब्रीकिनलाही बसच आहे. बसने जायचे असेल, तर परतीच्या शेवटच्या बसची वेळ सकाळीच लिहून ठेवावी. चषक सामना बरोबरीत राहिल्यास जादा वेळ आणि पेनल्टी यांमुळे तो लांबू शकतो, ही गोष्टही त्या हिशेबात धरावी.

डिसेंबरमध्ये या भागात साडेतीनच्या सुमारासच सूर्य मावळतो आणि सामन्याचा उत्तरार्ध प्रकाशझोतांत खेळला जातो. ज्यांना मैदान, गाव आणि समुद्र हे सारे उजेडात पाहायचे आहे, त्यांनी ऑगस्ट–सप्टेंबर किंवा एप्रिल निवडावा. कपडे मात्र कोणत्याही महिन्यात थरांचे असावेत: आत लोकरी, वर वारा व पाऊस अडवणारे जाकीट, आणि कानटोपी. छत्री नेऊ नये; किनाऱ्यावरच्या वाऱ्यात ती टिकत नाही आणि मागच्यांची दृष्टी अडते.

मैदानावर

दोन वाजेपर्यंत मैदानाशी पोहोचावे. बहुतेक छोट्या क्लबांत तिकीट आधीच ऑनलाइन घेता येते आणि अनेक ठिकाणी फाटकावरही मिळते. प्रौढांसाठी साधारण 15 ते 20 पौंड लागतात, विद्यार्थी व ज्येष्ठांना सवलत असते. सोबत थोडी रोख रक्कम ठेवावी, कारण मध्यंतराच्या सोडतीचे तिकीट विकणारे स्वयंसेवक रांगांतून फिरत असतात आणि त्या सोडतीचा पैसा क्लबच्या उपयोगी पडतो. अशा क्लबांत फाटकावरची प्रत्येक नोट मोजली जाते, त्यामुळे फुकट प्रवेशाची वाट शोधू नये.

गेफिल्ड पार्क हे आर्ब्रोथचे मैदान या वारीचे मुख्य स्थान आहे. उत्तर समुद्र मैदानाच्या भिंतीपलीकडेच आहे आणि वादळी दिवशी लाटांचे तुषार आत येतात. वारा एका गोलकडून दुसऱ्या गोलकडे वाहत असला, की पूर्वार्धात कोणत्या बाजूला खेळायचे हा निर्णय सामन्याचा निकाल ठरवू शकतो, म्हणून नाणेफेकीकडे येथे नीट लक्ष द्यावे. याच क्लबने 12 सप्टेंबर 1885 रोजी स्कॉटिश चषकात बॉन ॲकॉर्ड संघाचा 36–0 असा पराभव केला. त्याच दिवशी डंडी हार्पने ॲबरडीन रोव्हर्सवर 35–0 असा विजय मिळवला, हा योगायोग मला आजही थक्क करतो.

जागा घेताना शक्यतो आसनांचा स्टँड टाळून पायऱ्यांच्या उभ्या जागेत, म्हणजे टेरेसवर जावे. खालच्या विभागांत दोन्ही संघांचे समर्थक पुष्कळदा वेगळे केलेले नसतात, म्हणून एक सुंदर प्रथा टिकून आहे: आपला संघ ज्या गोलवर चढाई करणार त्याच्या मागे समर्थक उभे राहतात आणि मध्यंतरात चालत दुसऱ्या टोकाला जातात. पाहुण्यानेही त्यांच्यासोबत टोक बदलावे, गप्पांना याहून चांगली सुरुवात नाही. मात्र एखाद्या सामन्यासाठी विभाग वेगळे केले असल्यास स्वयंसेवकांना विचारूनच जागा घ्यावी.

मद्याबाबतचा नियम गांभीर्याने घ्यावा. 1980 च्या स्कॉटिश चषक अंतिम सामन्यानंतर सेल्टिक आणि रेंजर्सचे समर्थक हॅम्पडन पार्कवर भिडले आणि त्याच वर्षीच्या कायद्याने सामन्यांत मद्य नेण्यास, तसेच समर्थकांच्या बसमध्ये ते पिण्यास बंदी आली. नशेत मैदानात शिरणे हाही गुन्हा आहे.

खाण्यापिण्याचे दोन पदार्थ येथे ठरलेले आहेत: पाय (इंग्रजी pie) आणि बोव्हरिल. स्कॉच पाय हा कडक कणकेच्या वाटीत खिमा भरून भाजलेला पदार्थ परंपरेने मटणाचा असतो, पण पुष्कळ ठिकाणी त्यात गोमांस असते, आणि बोव्हरिल हे गरम पेयही गोमांसाच्या अर्काचे असते. फॉरफरची ब्रायडी म्हणजे खिमा-कांद्याची घडीची पेस्ट्री, तीही गोमांसाचीच. ज्यांना हे चालत नाही, त्यांनी खिडकीवर स्पष्ट विचारावे. खिम्याऐवजी मॅकरोनी-चीज भरलेला पाय काही ठिकाणी मिळतो, आणि चहा सर्वत्र मिळतो. मध्यंतराची शिटी वाजण्याच्या पाच मिनिटे आधी रांगेत उभे राहावे, कारण पाय संपतात.

बोलण्यात क्लबची टोपणनावे येतील. आर्ब्रोथचे लोक ‘रेड लिख्टीज’, कारण मासेमारी बोटींना बंदरात आणणारा दिवा लाल होता. माँट्रोजचे ‘गेबल एंडीज’, कारण तेथील जुन्या घरांच्या त्रिकोणी भिंती रस्त्याकडे तोंड करून उभ्या आहेत. फॉरफरचे ‘लून्स’, म्हणजे तिकडच्या बोलीत तरुण पोरे. ही नावे माहीत असली, तर अनोळखी माणसाशीही लगेच संवाद जुळतो.

सामना रद्द झाला तर

गोठलेली किंवा पाण्याने भरलेली खेळपट्टी हिवाळ्यात नेहमीची आहे. 1979 मध्ये इन्व्हरनेस थिसल विरुद्ध फॉल्कर्क हा चषक सामना 29 वेळा पुढे ढकलावा लागला होता. पाहणी बहुधा शनिवारी सकाळी होते, म्हणून डंडीहून निघण्याआधी क्लबची ताजी सूचना वाचावी. माँट्रोज आणि फॉरफर येथे कृत्रिम गवत असल्याने थंडीत तेथील सामने होण्याची शक्यता नैसर्गिक गवताच्या मैदानांपेक्षा अधिक असते.

आर्ब्रोथला पोहोचल्यावर सामना रद्द झाल्याचे कळले, तर गाव सोडू नये. 1178 मध्ये स्थापन झालेल्या मठाचे अवशेष पाहावेत, ज्या मठाच्या नावाशी 1320 चा स्कॉटिश स्वातंत्र्याचा जाहीरनामा जोडलेला आहे. नंतर बंदराकडे उतरून सिग्नल टॉवर पाहावा. समुद्रातील बेल रॉक दीपगृहाच्या रक्षकांशी संपर्क ठेवण्यासाठी तो 1813 मध्ये उभारला गेला. शेवटी बंदराजवळच्या दुकानातून आर्ब्रोथ स्मोकी घ्यावी. जोडीने बांधून लाकडाच्या धुरात शिजवलेला हा हॅडॉक मासा गरम असतानाच, कागदावर, हातांनी खावा.