घरच्या घरी विज्ञानकथेचा वाढदिवस

वाढदिवस विज्ञानकथेच्या कल्पनेवर करावयाचा म्हटले की बहुतेक पालकांची पहिली फेरी दुकानाकडे होते आणि रॉकेटच्या टोप्या, यानाची चित्रे छापलेल्या पिशव्या व तसाच छापील पडदा घेऊन ते घरी येतात. आमच्या घरीही पाचव्या वाढदिवसाला असेच झाले. सजावट झकास दिसत होती, परंतु केक कापून झाल्यावर मुलांना करण्यासारखे काहीच उरले नाही आणि पुढचा तासभर ती सोफ्यावरून उड्या मारत राहिली. सहाव्या वर्षी आम्ही आधी गोष्ट ठरवली आणि मग तिला लागतील तेवढ्याच वस्तू घरात जमवल्या. पुढे जे सांगत आहे ते त्याच अनुभवावरून.

गोष्ट अगदी लहान असावी आणि तिच्यात अशक्य वाटणारी बाब एकच असावी; बाकी सारे विज्ञानाच्या नियमांनी चालावे, म्हणजे मुलांचे प्रश्न अडचणीचे न होता खेळाचा भाग होतात. आमची गोष्ट अशी होती: दूरच्या ग्रहावरचा एक पाहुणा वाट चुकून नाशिकला उतरला आहे, त्याचे इंधन संपले आहे आणि अंधार पडताच त्याला परत पाठवावयाचे आहे. या वयाच्या मुलांच्या गोष्टीत युद्ध, अक्राळविक्राळ राक्षस किंवा पृथ्वीचा नाश नसावा. सहा वर्षांचे मूल दिवसा हसते आणि रात्री घाबरून उठते. चुकलेल्या पाहुण्याला घरी पोहोचवणे ही त्यांना पटणारी, झेपणारी कामगिरी आहे.

पाहुणा करण्यासाठी जुना हिरवा मोजा पुरेसा होतो. त्यावर तीन बटणे डोळे म्हणून घट्ट शिवावीत आणि तो मावशीच्या हातात चढवून पडद्याआडून बाहेर काढावा. तो कोणती भाषा बोलणार, हा प्रश्न मुले पहिल्याच मिनिटाला विचारतात आणि त्याचे उत्तर आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या तयार आहे: पाहुण्याने ‘च’ची भाषा बोलावी. शब्दाचे पहिले अक्षर शेवटी न्यावयाचे आणि त्याच्या जागी ‘च’ ठेवावयाचा, की ‘पाणी’चे ‘चणीपा’ आणि ‘लाडू’चे ‘चडूला’ होते. दिवसभर इंग्रजी शाळेत बसणारी मुलेसुद्धा दहा मिनिटांत ही भाषा उकलू लागतात, आणि परग्रहवासीयाला आपणच समजून घेतले याचा त्यांना जो अभिमान वाटतो तो कोणत्याही विकतच्या खेळण्याने आणता येणार नाही.

दुसरे पात्र नियंत्रण कक्षाचे. हे काम घरातील ज्येष्ठ व्यक्तीकडे द्यावे. आमच्याकडे ते आजोबांनी केले. डिसेंबर २०२१मध्ये नाशिकच्या आडगावला झालेल्या ९४व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद विज्ञानकथाकार डॉ. जयंत नारळीकर यांच्याकडे होते आणि आजोबा त्या संमेलनाला रोज जात होते. त्यामुळे ही भूमिका आपल्याला मानानेच मिळाली, असे त्यांचे म्हणणे पडले. त्यांनी आतल्या खोलीत बसून मोबाइलवर बोलावे आणि बैठकीतील स्पीकरमधून आवाज यावा, एवढीच व्यवस्था लागते. ‘दहा, नऊ, आठ’ अशी उलटी गणती मुलांकडून आधी दोनदा म्हणवून घ्यावी, कारण मराठीत उलटे मोजताना बरीच मुले सातपाशी अडखळतात.

निमंत्रणे मुलाच्याच हस्ताक्षरात असावीत. पाहुण्यांची संख्या आठाच्या पुढे नेऊ नये. वेळ मात्र विचारपूर्वक ठरवावी. आमचा वाढदिवस फेब्रुवारीत येतो. त्या दिवसांत नाशिकला साडेसहाच्या सुमारास सूर्यास्त होतो आणि आकाश बहुधा निरभ्र असते, म्हणून आम्ही पाच ते सव्वासात अशी वेळ धरली, जेणेकरून शेवटची पंधरा मिनिटे गच्चीवर ताऱ्यांखाली घालवता यावीत. ज्यांचा वाढदिवस श्रावणात येतो त्यांनी गच्चीचा बेत सोडून खोलीतच अंधार करावा.

यानासाठी फ्रिजचा खोका उत्तम. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात दोन दिवस आधी सांगून ठेवल्यास तो बहुधा मिळतो. येथे आमची फजिती झाली ती सांगून ठेवतो. इंदिरानगरमधील आमच्या सदनिकेत जागा कमी, म्हणून आम्ही यान खाली पार्किंगमध्ये बनवले, त्याला पंख चिकटवले, चंदेरी कागद लावला, आणि रात्री साडेदहा वाजता लक्षात आले की ते लिफ्टमध्येही मावत नाही आणि जिन्याच्या वळणावरही फिरत नाही. शेवटी करवती सुरीने त्याचे आडवे दोन तुकडे करावे लागले. परंतु त्या नुकसानीतूनच चांगली रचना सापडली: खोका उभा न ठेवता उभ्या बाजूने चिरून तीन घड्यांच्या भिंतीसारखा उघडावा, तिच्यात गोल खिडक्या कापाव्यात आणि मागे दोन ओळींत पाट किंवा उशा मांडाव्यात. उभ्या यानात एकच मूल शिरते आणि बाकीची रांगेत भांडतात. अशा यानात आठही जण बसतात. नियंत्रण फलकासाठी बाटल्यांची झाकणे, बिघडलेला रिमोट, जुन्या सीडी आणि बंद पडलेला कॅलक्युलेटर चिकटवावा. त्यातील सेल मात्र आधी काढून टाकावेत. बटणाएवढा सेल लहान मुलाने गिळल्यास तो अतिशय धोकादायक ठरतो.

उरलेल्या सजावटीचे साहित्य माळ्यावरच असते. दिवाळीचे आकाशकंदील खाली उतरवून त्यांवर रंगीत जिलेटीन कागद लावला की त्यांचे ग्रह होतात. दोन पत्रावळी तोंडाला तोंड लावून कडेने चिकटवल्या आणि वर एक द्रोण पालथा घातला की उडती तबकडी तयार होते, आणि जेवणासाठीही त्याच पत्रावळी व द्रोण कामी येतात. थर्माकोलची ताटे व वाट्या यांवर राज्यात २०१८पासून बंदी आहे, त्यामुळे तो प्रश्न तसाही मिटलेला आहे. कागद आणि पताका आम्ही मेन रोडवरून आणल्या. त्याहून अधिक खरेदी करावी लागली नाही.

आता मुख्य भाग, म्हणजे इंधन मिळवण्यासाठी पार पाडावयाच्या कामगिऱ्या. चार पुरेत. प्रत्येक कामगिरीनंतर मुलांना इंधनाची एक चकती, म्हणजे सोनेरी कागद लावलेले झाकण द्यावे आणि ते सर्वांनी मिळून यानावर चिकटवावे. वैयक्तिक बक्षिसे ठेवू नयेत. सहाव्या वर्षी हरलेले मूल सबंध संध्याकाळ बिघडवू शकते, आणि त्यात त्याची चूक नसते.

पहिली कामगिरी फुग्याच्या रॉकेटची. खिडकीच्या गजापासून समोरच्या खुर्चीपर्यंत पाच-सहा मीटर गुळगुळीत दोरी ताणून बांधावी. सुतळी चालत नाही, कारण तिच्या केसाळ धाग्यांत नळी अडकते; आणि संक्रांतीचा उरलेला मांजा तर कदापि वापरू नये. दोरीचे दुसरे टोक बांधण्यापूर्वी तिच्यात कागदी स्ट्रॉ ओवून घ्यावी (हे हमखास विसरले जाते आणि सगळे पुन्हा सोडावे लागते). लांबट फुगा फुगवून त्याचे तोंड कपडे वाळत घालावयाच्या चिमट्याने बंद करावे, चिकटपट्टीच्या दोन पट्ट्यांनी तो स्ट्रॉला लावावा आणि उलटी गणती संपताच चिमटा काढावा. हवा मागे सुटते आणि फुगा पुढे झेपावतो. खरे रॉकेटही धूर खाली ढकलूनच वर जाते, एवढे एक वाक्य बोलून थांबावे. न्यूटनचे नाव घेण्याची घाई नको. फुटलेल्या फुग्याचे तुकडे मात्र तत्काळ उचलावेत, कारण ते घशात अडकू शकतात.

दुसरी कामगिरी विवरांची, आणि माझ्या मते संपूर्ण संध्याकाळीतील सर्वांत सुंदर. पसरट घमेल्यात चार बोटे जाडीची बारीक, कोरडी वाळू पसरावी आणि तिच्यावर चाळणीने पांढऱ्या रांगोळीचा पातळ थर द्यावा. मुलाने हात गुडघ्याच्या उंचीवर धरून एक गोटी सोडावी, नंतर छातीच्या उंचीवरून दुसरी. गोटी पडते त्या ठिकाणी कडा उचललेला खळगा होतो आणि खालची काळपट वाळू उडून पांढऱ्या रांगोळीवर चहूकडे किरणांसारख्या रेघा उमटतात. दुर्बिणीतून चंद्राच्या काही विवरांभोवती अशाच रेघा दिसतात. उंचावरून पडलेल्या गोटीचा वेग अधिक असतो, म्हणून तिचा खळगा मोठा होतो, हे मुले न सांगता ओळखतात. पंखा बंद ठेवावा, मुलांना घमेल्यावर तोंड नेऊ देऊ नये आणि धाकटी भावंडे आसपास असतील तर गोट्या मोजून द्याव्यात व मोजून परत घ्याव्यात.

तिसऱ्या कामगिरीत एक मूल बग्गी होते आणि दुसरे तिला चालवते. २३ ऑगस्ट २०२३ रोजी चांद्रयान-३ चंद्रावर उतरले, त्यातून बाहेर आलेली प्रज्ञान बग्गी सहा चाकांची आणि २६ किलो वजनाची होती, हे आमच्या घरातील मुलाला तोंडपाठ आहे. डोळे बांधलेल्या बग्गीला ‘दोन पावले पुढे’, ‘उजवीकडे वळ’ अशा आज्ञा देत उशांच्या खडकांमधून न्यावे. पहिली फेरी चंद्रावरची, तेथे संदेश सव्वा सेकंदात पोहोचतो, दुसरी मंगळावरची. मंगळापर्यंत संदेश जाण्यास, तो कोठे आहे त्यानुसार, सुमारे ३ ते २२ मिनिटे लागतात, म्हणून आज्ञा ऐकल्यावर बग्गीने मनात पाच आकडे मोजून मगच हलावे. तेवढ्यात आज्ञा देणाऱ्याचा धीर सुटतो, तो तीच आज्ञा दोनदा देतो, आणि बग्गी खडकावर आदळते. हशा पिकतो तो येथेच.

चौथी अगदी सोपी आहे. एकसारख्या दोन कापडी पिशव्या घेऊन एकीत तीन किलो गहू आणि दुसरीत अर्धा किलो गहू भरावेत व कागदाचे बोळे घालून दोन्ही सारख्याच फुगवाव्यात. पहिली पृथ्वीवरची आणि दुसरी तीच पिशवी चंद्रावर उचलल्यासारखी. मुलांची वजने करून चंद्रावरचे वजन काढण्यासाठी त्यांना सहाने भागण्याचा मोह होतो, परंतु तो टाळावा. कोणा ना कोणा मुलाला त्यावरून चिडवले जातेच.

खाण्यात बदल नावांपुरताच करावा. चकली ही सर्पिल आकाशगंगाच आहे, आणि बेसनाचा लाडू कडबोळ्यात बसवला की कड्यांसह शनी होतो. त्यासाठी कडबोळी नेहमीपेक्षा मोठी वळून घ्यावीत. नाशिकचा चिवडा उल्कावर्षाव म्हणून वाढता येतो, फक्त लहान मुलांच्या वाट्यातील अख्खे शेंगदाणे काढावेत. फेब्रुवारीत आपल्याकडे द्राक्षे भरपूर असतात आणि अख्ख्या द्राक्षांना हिरवे ग्रह म्हणून ताटात मांडण्याचा विचार हमखास सुचतो. या वयासाठी प्रत्येक द्राक्ष उभे चिरून चार फोडी कराव्यात, कारण अख्खे द्राक्ष श्वासनलिकेत बुचासारखे बसू शकते. काळ्या आयसिंगचा केक मागवू नये. जिभा, दात आणि पडदे, तिन्ही काळे होतात.

इंधन म्हणून गोकर्णाचे सरबत करावे. दहा-बारा निळी फुले, ताजी किंवा वाळवलेली, हिरवे देठ काढून पेलाभर गरम पाण्यात दहा मिनिटे ठेवली की पाणी गडद निळे होते. ते गाळून, गार करून साखर घालावी आणि मुलांसमोर लिंबू पिळावे. निळा रंग पाहता पाहता जांभळा होतो. फुलातील अँथोसायनिन या रंगद्रव्याचा रंग आंबटपणानुसार बदलतो, म्हणून हे घडते. लिंबू आधीच पिळून ठेवणाऱ्या मदतनीसांना स्वयंपाकघराबाहेर ठेवावे.

औक्षणाच्या वेळी एक दक्षता अत्यावश्यक आहे. खोक्याचे, क्रेप कागदाचे आणि चमकीचे पोशाख निरांजनाजवळ किंवा केकच्या मेणबत्तीजवळ क्षणात पेट घेऊ शकतात. म्हणून आधी सर्व पोशाख उतरवून यानात ठेवावेत, मग पाट मांडून औक्षण करावे आणि त्यानंतर केक कापावा. गोष्टीत यासाठी जागा करता येते: अंतराळवीर मोहीम संपवून घरी परतल्यावरच त्याला ओवाळतात.

अंधार पडल्यावर मुलांना गच्चीवर न्यावे. शहराच्या उजेडातही मृग नक्षत्राच्या मध्यभागी एका रेषेतील तीन तारे स्पष्ट दिसतात आणि ती रेषा खाली वाढवत नेली की व्याध हा झगझगीत तारा सापडतो. पाहुणा तिकडे गेला असे सांगून मोज्याचा हात गच्चीच्या दारामागे अदृश्य व्हावा. आमच्याकडे एका मुलीने त्याला ‘च’च्या भाषेत निरोप दिला, ‘चन्हापु चे’, आणि ‘ये’चे नुसते ‘चे’च का झाले यावर जिना उतरेपर्यंत चर्चा चालली.

परतभेट म्हणून कागदाच्या पुडीत चवळीचे आठ दाणे द्यावेत. इस्रोने ३० डिसेंबर २०२४ रोजी पीएसएलव्ही-सी६० या रॉकेटसोबत चवळीच्या ८ बिया अवकाशात पाठवल्या होत्या आणि चौथ्या दिवशी त्यांना अंकुर फुटले, एवढा मजकूर पुडीवर लिहावा. दाणे रात्रभर भिजवून ओल्या फडक्यात बांधावेत, आणि आपल्या घरी मोड येण्यास किती दिवस लागतात ते मुलांनी एकमेकांना फोन करून कळवावे. घमेल्यातील वाळूवरची रांगोळी खरवडून काढली की ती वाळू चवळीच्या कुंडीत मिसळता येते. गोट्या आधी शोधून काढाव्यात, आमची एक अजून सापडलेली नाही.